जलपिंपळीचं अंगण

देवासच्या आमच्या घरी कोण आलं हे अंगणातल्या पावलांवरून कधी कळत नसे, कारण पाऊल वाजतच नसे. ओट्याच्या दगडी पायरीवर वहाणा काढल्याचा आवाज झाला की आत कळायचं, तोवर पाहुणा दारात येऊन उभा. माझे वडील, त्यांना आम्ही अण्णा म्हणायचो, दरबारच्या कोठीत कारकून होते. दुपारी ते जेवायला घरी येत तेव्हा मी ओट्यावर चिंचोके मांडून बसलेली असे, आणि चिंचोक्यांवर सावली पडली की मग वर बघे. "आमचा दरवान झोपलाय वाटतं," असं म्हणत ते आत जात. याला कारण ते अंगण. फाटकापासून पायरीपर्यंत माती अशी दिसतच नव्हती. सगळीकडे जलपिंपळी पसरलेली, जमिनीला पोट लावून. उंची म्हणाल तर बोटाच्या पेराएवढी. पानं लहान, टोकाकडे रुंद, कडेला बारीक दाते. त्यांतून वर आलेली जांभळट पांढरी फुलं, लहान मुलीच्या कानातल्या कुड्यांएवढी. सकाळी ऊन चढलं की मधमाश्यांची जी गुणगुण सुरू होई ती उन्हं कलेपर्यंत चाले. झोपाळ्यावर पडलं की ती गुणगुण आपल्या डोक्यातच चाललीय असं वाटायचं. पायाला गारवा तर असा, की वैशाखात सगळं गाव चटके खात चालायचं तेव्हा मी मुद्दाम अनवाणी फाटकापर्यंत जाऊन परत यायची, काही काम नसताना.

हल्ली मी इंदुरात नातवाकडे असते. त्यानं बंगल्यापुढे विलायती गवत लावलंय. दर पंधरवड्याला एक माणूस मशीन घेऊन येतो आणि ते भादरून जातो. शिवाय त्यावर चालायचं नाही, पिवळं पडतं म्हणे. मी एकदा म्हटलं, बाबा रे, ज्यावर पाय ठेवायचा नाही ते लावायचं तरी कशाला? तो हसला आणि आतून माझ्यासाठी खुर्ची आणवली. असो. मी खुर्चीत बसते, डोळे मिटते, आणि पाय आपसूक देवासच्या अंगणात जाऊन पडतात. वय झालं की माणसाचे पाय असे परस्पर कुठेही जातात.

देवासला तेव्हा दोन राजे होते, एक थोरल्या पातीचा नि एक धाकट्या पातीचा. गाव एकच, पण गल्ली ओलांडली की राज्य बदले. आमचं घर धाकट्या पातीत आणि पाण्याचा कुआ थोरल्या पातीत. माझ्या आत्याबाई म्हणायच्या, "परराज्यातून पाणी आणतो आपण, म्हणून ते कमरेला एवढं महाग पडतं." आत्याबाई म्हणजे अण्णांची थोरली बहीण. लग्नानंतर थोड्याच दिवसांत कपाळ पांढरं होऊन परत आलेल्या. लाल आलवण, डोक्यावरून पदर, सोवळ्याचा स्वयंपाक वेगळ्या चुलीवर, आणि बोलणं असं खणखणीत की माजघरातून बोलल्या तरी गल्लीतली गाय मान वर करायची. आई त्यांच्यापुढे अगदी सौम्य. माझी आई कधी आवाज चढवून बोलल्याचं मला आठवत नाही. ती रागावली तर भांडी जास्त हळू ठेवायची, एवढंच. अण्णा त्या हळू आवाजाला फार घाबरत.

घर टेकडीच्या पायथ्याशी, उतारावर होतं. वर देवी, खाली आम्ही. दर पावसाळ्यात टेकडीवरून जे पाणी यायचं ते आमच्या अंगणाची माती उचलून खालच्या गल्लीत नेऊन टाकायचं. आम्ही धारहून देवासला राहायला आलो तेव्हा घराच्या जोत्याचे दगड दातांसारखे उघडे पडले होते म्हणतात. अण्णांनी मुरूम टाकून पाहिला, तोही गेला. त्याच सुमाराला धारला माझी आजी वारली, म्हणजे आईची आई. आजोबा आधीच गेलेले, आईला भाऊ नाही. दिवस करून आई परतली तेव्हा माहेरचं म्हणून एकही भांडं तिनं आणलं नाही. आणली ती ओल्या पंच्यात गुंडाळलेली जलपिंपळी, तलावाच्या काठावरची. धारमध्ये जिकडे पाहावं तिकडे तलाव. त्यांतल्या देवीच्या देवळाखालच्या तलावाकाठी आईचं सगळं लहानपण गेलं होतं. पाणी कितीही चढलं तरी जलपिंपळीखालची माती हलत नाही, हे तिनं तिथे पाहिलेलं. तिनं एकेक फांदी पेराशी तोडून ओल्या मातीत दाबली, वरून चाळलेली माती भुरभुरली आणि अनवाणी पायांनी तुडवून बसवली. न्हाणीचं पाणी पूर्वी मागे जायचं, त्याची मोरी तिनं पुढे वळवून घेतली आणि उतारावर बारीक पाट काढले. ते पाणी बारा महिने झिरपायचं, म्हणून तर उन्हाळ्यात हिरवळ टिकली. विहिरीच्या सावलीत असते तशी ओल आमच्या मागच्या भिंतीशी होती, तिथे ब्राह्मी लावली. पहिल्या वर्षी मधे मधे टकलं दिसत होती. दुसऱ्या पावसाळ्यानंतर जोत्याचे दगड झाकले आणि मातीनं जागा सोडली नाही.

पण लोकांना हे कुठे पटतंय? दक्षिणेतून राजेसरकारांबरोबर आलेल्या घरांची आमची गल्ली. प्रत्येक दारापुढे रोज सडा, चार दिवसांनी सारवण, त्यावर रांगोळी. अंगणात गवताची काडी दिसली तर बाईच्या नावानं बोटं मोडायची. घराला कुलूप लागलं, माणसं परागंदा झाली की मग दारात हिरवं उगवतं, अशी सगळ्यांची समजूत. नवखा पाहुणा फाटकाशी थबकून शेजारी चौकशी करायचा, "इथले लोक गेले कुठे?" आत्याबाईंना तर ते अंगण डोळ्यांसमोर नको व्हायचं. "राधा, घरात तीन बायका असून दार ओसाड दिसतंय," असं त्या वर्षातून दहादा तरी म्हणायच्या. आई म्हणायची, "हो वन्सं," आणि हळूच जलपिंपळीतून हरळीचे कोंब उपटत बसायची. तुळशीपुढचा हातभर चौकोन तेवढा तिनं सारवायला ठेवला होता. दुपारी सगळं आवरलं की ती पायरीवर बसायची आणि पाय त्या हिरव्यात सोडायची. तिच्या मांडीवर डोकं ठेवून मी पडायची. आतून आत्याबाईंच्या जात्याची घरघर, वरून देवीच्या घंटेचा अधूनमधून टोल, मक्याचा कीस परतल्याचा वास अजून स्वयंपाकघरातून येत असलेला. आई धारच्या गोष्टी सांगायची, पण गोष्ट अशी नाहीच. तलाव, पायऱ्या, कमळाचे देठ, आजीचा आवाज. ऐकता ऐकता मला झोप लागायची आणि जागी झाले तरी आई तशीच बसलेली असायची. तिचं माहेर आता एवढंच उरलं होतं, आणि ते ती पायाखाली घेऊन बसायची. हे मला तेव्हा शब्दांत सांगता आलं नसतं, पण कळत होतं.

मग दादाचं लग्न झालं. दादा माझा थोरला भाऊ, शिकायला इंदुरात. वहिनी धारची. हीच सोयरीक आईनं हट्टानं जुळवून आणली होती, गावचं माणूस घरात येईल म्हणून. वहिनीचं सासरचं नाव जानकी ठेवलं. तेरा-चौदा वर्षांची, सावळी, हाताची बोटं लांब. लग्न माघात झालं आणि नांदायला ती गुढीपाडव्याच्या जरा आधी आली. आली ती मान खाली घालूनच. मी तिच्याहून तीन-चार वर्षांनी लहान, त्यामुळे माझ्याशी तेवढी कुजबुजायची. पहिल्याच दिवशी मला म्हणाली, "वन्सं, तुमच्याकडे अंगण कोण झाडतं?" मला कुणी वन्सं म्हटल्याचाच एवढा आनंद झाला की मी उत्तर दिलं नाही. आणि दिलं असतं तरी काय सांगणार होते? आमच्याकडे अंगण झाडतच नसत.

चैत्रात आमच्याकडे गौर बसते. झोपाळ्यात अन्नपूर्णा, पुढे कलिंगडाची कमळं, हरभऱ्याची डाळ, कैरीचं पन्हं, आणि दारात चैत्रांगण. चैत्रांगण म्हणजे गौरीसाठी काढायची मोठी रांगोळी. तीत सूर्य-चंद्र हवेत, कासव, नाग, गाईची पावलं, शंख, तुळशीवृंदावन, पाळणा, फणी-करंडा, राजाराणीची पालखी, काय म्हणाल ते हवं. ते सारवलेल्या जमिनीवरच उठून दिसतं. आई ते तुळशीपुढच्या चौकोनात कसंबसं मावेल तेवढं काढून मोकळी होई. त्या वर्षी हळदीकुंकवाच्या दिवशी सकाळी आई, आत्याबाई आणि मी टेकडीवर देवीला गेलो. चैत्राचं नवरात्र होतं, वर गर्दी फार, म्हणून नव्या सुनेला घरीच ठेवलं. देवीची ओटी भरली, मी जत्रेत रेवड्या घेतल्या, आत्याबाईंनी वाटेत भेटलेल्या प्रत्येक बाईला थांबवून चौकशी केली. उतरायला दुपार झाली.

वळणावरून घर दिसतं तिथे आई थांबली. मला वाटलं पायात काटा गेला. मग मीही पाहिलं. फाटकापासून पायरीपर्यंत सगळं अंगण उघडं, काळंशार, ओलं. कुदळीनं खणून, धुमसानं चोपून, त्यावर शेणाचं सारवण. बोटांच्या अर्धवर्तुळांची वेल अशी एकसारखी, की नजर लागावी. आणि मधोमध चैत्रांगण, चार माणसं निजतील एवढं. मी आयुष्यात पुष्कळ चैत्रांगणं पाहिली, त्याच्या तोडीचं पाहिलं नाही. पालखीच्या भोयांच्या पगड्यासुद्धा वेगळ्या वेगळ्या होत्या. वहिनी पायरीवर उभी होती. हात कोपरापर्यंत शेणानं माखलेले, कपाळावर घाम, आणि चेहऱ्यावर असं हसू की नांदायला आल्यापासून पहिल्यांदा तिचे दात दिसले. शेण आणणारी नाथीबाई आपल्या दोन पोरींना घेऊन कडेला बसली होती. "बऊजी ने कयो, म्हने कर्‍यो," सूनबाईंनी सांगितलं नि आपण केलं, असं ती कौतुकानं म्हणाली. खणलेली जलपिंपळी गाईपुढे टाकली होती, तीही एव्हाना संपत आलेली.

आत्याबाई सगळ्यांत आधी बोलल्या. "बाई बाई, आज या घराला घरपण आलं. शाबास गं सूनबाई." आई अंगणात पाय ठेवू शकत नव्हती, कारण पाय ठेवला तर गौरीची रांगोळी मोडणार. ती कडेकडेनं, भिंतीला हात लावत आत गेली. संध्याकाळी गल्लीतल्या झाडून साऱ्या बायका आल्या. जी ती फाटकाशी थांबून तोंडात बोट घाली. "राधाबाई, सून कमावलीत," "आता कसं लक्ष्मीचं दार वाटतंय," असं म्हणत डाळ-पन्हं घेऊन गेल्या. आई हसून प्रत्येकीची ओटी भरत होती. वहिनी पाठीमागे अत्तरदाणी घेऊन उभी, आनंदानं नुसती तरंगत होती. तिला काहीही कळलेलं नव्हतं. मला मात्र आईचं ते हसू बघून रडू येत होतं.

दुसऱ्या दिवशी आत्याबाईंकडूनच तिला कळलं, की ते गवत नव्हतं, ती आईनं धारहून आणलेली लावणी होती. वहिनी चुलीपुढून उठली ती थेट आईच्या पायांवर. "सासूबाई, मला वाटलं घरात माणूस कमी, म्हणून रान माजलंय. विचारावं असं मनात आलं होतं, पण आल्या आल्या सुनेनं विचारायचं कसं, की तुमच्या दारात गवत का? माझ्या आईनं बजावलं होतं, पहिल्या वर्षी दारात तुझ्या हातचं चैत्रांगण दिसू दे." आईनं पाय हळूच मागे घेतले. "ऊठ. भाजी करपेल," एवढंच म्हणाली. त्यानंतर आमच्या घरात भांडी इतकी हळू वाजायला लागली की अण्णा पानावर बसले की लवकर उठत. आई सूनबाईवर एकदाही ओरडली नाही. ओरडली असती तर फार बरं झालं असतं. ती तिच्याकडे बघायचीच नाही. वहिनी पाणी आणी, ते ती दुसऱ्यांदा गाळी. वहिनीनं निवडलेले तांदूळ पुन्हा निवडी. तुम्ही म्हणाल गवतासाठी एवढं? मग तुम्हाला मी वर काय सांगत होते? आईचं माहेर होतं ते.

त्यातच एके दुपारी वळवाची सर आली. घटकाभरच, पण टेकडीवरून पाणी उतरलं आणि सारवणासकट बोटभर माती घेऊन गेलं. जोत्याचे दोन दगड उघडे पडले. आई ओट्यावर उभी राहून बघत होती. पाऊस थांबल्यावर ती आत आली आणि अण्णांना म्हणाली, "मी धारला जाऊन येते. मृगाच्या आधी लावणी झाली पाहिजे. आणि जानकीला बरोबर नेते. काही दिवस तिला माहेरीच ठेवावं म्हणते." अण्णा सुपारी कातरत होते. त्यांचा अडकित्ता थांबला. काही दिवस माहेरी ठेवणं म्हणजे काय, ते आमच्या गल्लीत लहान मुलालाही ठाऊक होतं. अशा गेलेल्या मुली वर्षानुवर्षं बापाच्या ओट्यावर बसून दिसायच्या, आणि नवऱ्याचं दुसरं लग्न होऊन जायचं. अण्णा म्हणाले, "दादाला तरी विचारलंस का?" आई म्हणाली, "घर मला चालवायचंय." अण्णांनी पुन्हा अडकित्ता हाती घेतला. फार गुणी माणूस, पण कणा असा नव्हताच.

उभ्या राहिल्या त्या आत्याबाई. ज्यांनी हयातभर आईच्या हिरव्या अंगणाला नावं ठेवली, त्या स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणाल्या, "राधा, पोरीनं चूक केली असेल, पाप नाही केलं. अशी पेटी घेऊन मी आलेय परत या घरात. उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं तेव्हा माझ्या सख्ख्या आईनं मान फिरवली होती. तुझ्या पाल्यापायी तिला तसं करू नकोस." आईनं हातातला तांब्या हळूच खाली ठेवला. मग म्हणाली, "वन्सं, मला तिच्याकडे बघवत नाही. मी काय करू?" हे ती इतकं खरं बोलली की आत्याबाई उंबऱ्यावरच खाली बसल्या. वहिनी दाराआड होती, मी तिच्या शेजारी. तिनं सगळं ऐकलं. मला वाटलं होतं माहेरच्या नावानं तिला थोडं तरी बरं वाटेल, रोज तर परसात जाऊन आईच्या आठवणीनं रडायची. मी तसं म्हटलंही. ती म्हणाली, "मला आईकडे जायचंय हो वन्सं, पण असं नाही."

भेरूची छकडी ठरली. भेरू आमचा नेहमीचा गाडीवान, बैलांशी बोलायचा जास्त, माणसांशी कमी. आई पुढे, वहिनी मागे तिच्या पेटीला टेकून, मधे मी. मला नेण्याचं कारण नव्हतं, पण त्या दोघींच्या मधे कुणीतरी हवं, असं आत्याबाईंनी ठरवलं असणार. इंदूर सडकेनं गाडी चालली. दोहों बाजूंना कापणी झालेली काळी शेतं, भेगा पडलेली. दूर पळस उगाच एखाददुसरा. घुंगरांच्या नादात मी पेंगायची, जागी व्हायची, पुन्हा पेंगायची, आणि दर वेळी त्या दोघी होत्या तशाच दिसायच्या, एक पुढे बघतेय, एक मागे. दशम्या सोडल्या तेव्हा आईनं तिच्या हातावर दशमी नि लोणचं ठेवलं. वहिनीनं घास घेतला, तोंडात घोळवत राहिली आणि शेवटी कुणाचं लक्ष नाही असं पाहून उरलेली दशमी बैलाला दिली. लक्ष आईचं होतं.

वाटेत एक रात्र काढून, दादाकडे न थांबताच इंदूर मागे टाकलं आणि दुसऱ्या संध्याकाळी चंबळेच्या काठी घाटाबिल्लोदच्या धर्मशाळेत मुक्काम केला. सकाळी जाग आली तेव्हा आई अंथरुणात बसून दाराकडे बघत होती. दारात वहिनी पाठमोरी ओणवी. धर्मशाळेचा तो दगडी उंबरा, ज्यावरून रोज कुठकुठले वाटसरू जातात, तो तिनं धुतला होता आणि नदीकाठची पांढरी माती कुठून तरी आणून त्यावर गोपद्म नि कमळ काढत होती. आई म्हणाली, "हे कुणासाठी?" वहिनी दचकली. मातीचा हात पदराला पुसत उभी राहिली. "कुणासाठी नाही, सासूबाई. सकाळ झाली की हात मागतात. आता पुसते." आई म्हणाली, "राहू दे." मग ती उठली, आणि बाहेर पडताना तिनं लुगडं वर धरून त्या कमळावरून पाय लांब टाकला. मी आणि भेरू पाठोपाठ तसेच लांब पाय टाकत निघालो. गाडीत बसल्यावर आई स्वतःच्या हातांकडे बघत राहिली. तिच्याही बोटांना काम नसलं की ती अशी मांडीवर चाळवायची. कुठे हरळीचा कोंब दिसतोय का, ते शोधत असल्यासारखी.

धार जवळ आलं की आधी किल्ला दिसतो, मग माणसांचे आवाज ऐकू येतात. गावाच्या तोंडाशी रस्ता फुटतो. एक फाटा वहिनीच्या माहेरच्या गल्लीकडे, दुसरा तलावाकडे. तिथे वहिनीनं पेटीची कड घट्ट धरली. तिच्या माहेरच्या गल्लीतला पिंपळ तिथूनच दिसत होता. भेरूनं बैल रोखले. "बईजी, तलाव अई ग्यो. वां रोकूं के सीदो घरे चालूं?" बैलांनी शेपट्या हलवल्या, एक माशी माझ्या हातावर बसली, उडाली, पुन्हा बसली. पुढे कितीतरी वर्षांनी आईनं मला सांगितलं, की त्या फाट्यापर्यंत तिचं काहीच ठरलं नव्हतं. देवासहून निघताना तिनं पेटी चढवली ती खरोखरच उतरवायच्या इराद्यानं. बिल्लोदपासून मन डळमळायला लागलं, पण पक्कं असं काही नाही. शेवटी ती म्हणाली, "तलावावर घे आधी." तो ‘आधी’ ऐकून, म्हणजे मग घरी उतरवणारच असं समजून, वहिनीनं डोळे मिटून घेतले.

वैशाख लागला होता. चहूकडे धूळ, पिवळं पडलेलं गवत, आणि तलावाचं पाणी पार खाली गेलेलं. पण पाण्याच्या कडेनं, जिथे ओल शिल्लक होती तिथे, जलपिंपळीचा पट्टा लांबवर गेला होता. हिरवा, फुललेला, मधमाश्यांनी भरलेला. मी जन्मले त्या गावी, पण तलाव असा डोळे भरून तेव्हाच पाहिला. पाणी इतकं निवांत की पलीकडच्या देवळाचं शिखर त्यात उलटं, न हलता. आईनं पदर खोचला, खुरपी घेतली आणि चिखलात उतरली. बसली ती बसलीच, कितीतरी वेळ नुसता पानांवरून हात फिरवत. मग ती रडायला लागली. आवाज नाही, फक्त खांदे. आजीचे दिवस करून परतल्यानंतर ती या काठावर पहिल्यांदाच आली होती. मी काठावर, काय करावं ते न कळून उभी. वहिनी माझ्या मागे होती. ती पुढे झाली, पायातली जोडवी चिखलात रुततील याचीही पर्वा न करता खाली उतरली आणि आईपासून जरा अंतर ठेवून बसली. आईनं डोळे पुसून पहिली फांदी उचलली, तशी वहिनी बघत राहिली. पेराशी मुळं फुटलेली, ती न तोडता, थोड्या चिखलासकट. मग तिनं नुसत्या बोटांनी तशीच एक उचलली आणि आईपुढे धरली, पसंत आहे का म्हणून. आईनं ती घेऊन गोणपाटावर ठेवली.

बराच वेळ दोघी असं काढत होत्या. एक ढीग झाला, त्यावर मी पाणी शिंपडलं. वहिनीच्या नखांत चिखल, गालावर चिखल. दर थोड्या वेळानं ती गल्लीतल्या पिंपळाकडे बघायची आणि पुन्हा खाली. शेवटी तिला ते सोसवेना. तिनं हात थांबवले आणि विचारलं, "सासूबाई, किती घेऊ?"

आई मान वर न करता म्हणाली, "तुझ्या अंगणाला लागेल तेवढी घे."

वहिनीनं मान वर केली. मग अगदी हळू म्हणाली, "माझ्या?"

"मग कुणाच्या? मी काय जन्मभर पुरणार आहे का?" आई म्हणाली. "दारापुढे चैत्रांगणाचा चौक सोडायचा, तो तूच आखून दे. चांगला मोठा आख. पण त्याच्या बाहेर कुदळ लावलीस तर माझ्याशी गाठ आहे. संध्याकाळी तुझ्या आईला भेटून येऊ. उद्या उजाडताच निघायचं, नाहीतर हे सगळं वाळेल."

वहिनी तिथेच चिखलात बसली आणि लहान मुलीसारखी मोठ्यांदा रडायला लागली. लहान मुलगीच होती ती. आईनं हात धुतले, ओल्या हातानं तिच्या गालावरचा चिखल पुसला आणि म्हणाली, "रडून झालं की दुसरं गोणपाट भिजव. ऊन लागतंय त्यांना."